आंबवणाची सोयरीक

परळ, मुंबई
११ जानेवारी १९३६

तीर्थरूप आबांस महिपतचा साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे, आणि आज नुसता सुखरूप नाही, विजयी आहे. मुंबईहून आलेलं पत्र आपल्याकडे देवळापुढच्या सहाणेवर चारचौघांत वाचतातच. हे मात्र शकूने जरा मोठ्याने वाचावं. पळसाच्या कोंडातल्या प्रत्येक माणसाने ऐकावं असं हे पत्र आहे.

गेल्या शिमग्याला आईने आंबोळीच्या मडक्यातलं चमचाभर आंबवण मला बांधून दिलं होतं. आपल्या वाडीत हे आंबवण घराबाहेर जात नाही. लेकीलाही देत नाहीत, सासू ते सुनेच्या हाती सोपवते. तरी आईने दिलं, कारण मी रडवेला चेहरा केला. त्या चमच्यात लाखो जीव होते, एकेक जीव एकाच पेशीचा. आम्ही त्यांना किण्व म्हणतो. आंबोळीला जाळी पडते ती त्यांच्यामुळे.

हे किण्व उपाशी ठेवलं की एकेका कोषात चार भावंडं तयार होतात. केसाएवढ्या काचेच्या सुईने मी असा एक कोष फोडला आणि भिंगाखाली चौघांना वेगळं केलं. दोन वर्षं दुसऱ्या किण्वांवर सुई चुकत होती, काल चुकली नाही. त्या चौघांतला एक भाऊ आणि एक बहीण (नरमादी दिसत नाहीत, समजायला म्हणतो) एकमेकांना चिकटले, एकजीव झाले, आणि त्यांचा वंश वाढू लागला!

आबा, हे पाहायला जगात मोजके लोक धडपडत आहेत. आपल्या घरच्या किण्वाने ते करून दाखवलं. वहीत मी त्याचं नाव घातलं आहे: ‘पळसाचा कोंड, क्रमांक एक’. आईला सांगा, तिचं मडकं शास्त्रात गेलं.

आपला आज्ञाधारक
महिपत


पळसाचा कोंड, आंबेनळीखाली
पोलादपूर, ता. महाड, जि. कुलाबा
२४ जानेवारी १९३६

चिरंजीव महिपत यास कोंडाजीचा आशीर्वाद. क्षेमकुशल लिहीत नाही, कारण ते राहिलेलं नाही.

तुझं पत्र शकूने सहाणेवर वाचलं. ‘भाऊ आणि बहीण’ हे शब्द आले तेव्हा गावकीचे म्होरके गोमाजी उभे राहिले. म्हणाले, “परत वाच.” शकूने परत वाचलं. ते म्हणाले, “कोंडाजी, तुझ्या घरची भावंडं लगीन लावतात, आणि तुझा पोर भिंगातनं बघतो? वर नाव आमच्या वाडीचं?”

मी म्हटलं, ते आंबवण आहे, माणूस नव्हे. ते म्हणाले, “आंबवण सासूकडनं सुनेला जातं का नाय? मग ते घरातलंच झालं. घरातलं ते कुळातलं.” याला तुझ्याकडे उत्तर असलं तर पाठव.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली आणि आपल्याला वाळीत टाकलं. कोणी विस्तव देत नाही. तुझी आई पाणवठ्यावर गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालू लागतात. आणि आपले होणारे व्याही, बिरवाडीचे चांगूमामा, यांनी शकूची सोयरीक थांबवली आहे. वाळीत असलेल्या घरात मुलगा देता येत नाही, असा निरोप आला. बहिष्कार उठला तर वैशाखात लग्न, नाहीतर दुसरी मुलगी बघणार.

कोंडाजी

(दादा, हे पुढचं आबा सांगत नाहीत, मी लिहिते. बिरवाडीचा मुलगा मी बाजारात दोनदा पाहिलाय. दुसऱ्यांदा त्यानेही मला पाहिलं. मला तोच पाहिजे. तुझ्या त्या भावाबहिणींना आवर. शकू)


परळ, मुंबई
३१ जानेवारी १९३६

तीर्थरूप आबांस नमस्कार.

हे पत्रही सहाणेवर वाचावं! गोमाजीकाकांना पुढे बसवावं!

गावकीच्या पंचांनो, तुम्ही एका पेशीला वाळीत टाकलंत. तिला डोकं नाही, तोंड नाही, आडनाव नाही. तिला कुळ कोणी लावलं? तुम्ही! सृष्टीत जाऊन बघा. तुमच्या परसातली केळ घ्या. तिच्यात लग्नच होत नाही. बापाचा पत्ता नसतो, बुडाशी पिल्लू उगवतं, आणि त्याच केळीचे खांब तुम्ही सत्यनारायणाला उभे करता! मग केळीलाही वाळीत टाका. भाताच्या लोंबीत स्त्री आणि पुरुष एकाच फुलात नांदतात. भाताला टाका वाळीत आणि खा दगड! अज्ञानाला मान तुकवणारा मी नव्हे. मी एक पाऊल मागे घेणार नाही. माझी बहीण माझ्या सत्यासाठी खुशाल अविवाहित राहील, पण मी झुकणार नाही!

महिपत


पळसाचा कोंड
१२ फेब्रुवारी १९३६

दादास,

आबा अंगणात जाऊन बसलेत, म्हणून या वेळी मीच लिहिते.

तू मोठ्याने वाच म्हणालास, मी मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्यसुद्धा. माझ्या अविवाहित राहण्याबद्दल मला आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझ्या भाषणाचा परिणाम झाला. गावकीने केळी वाळीत टाकल्या. तीन घरांनी परसातल्या केळी तोडल्या, आणि शेजारच्यांच्या पूजेला खांबांच्या जागी बांबू उभे केले. भाताचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळे आपापल्या शेताकडे बघू लागले. गोमाजीकाका म्हणाले, “भाताचं पुढच्या बैठकीत बघू.” ती बैठक ते रोज पुढे ढकलतात.

पण त्यांनीच वाट काढलीय. ते म्हणाले, “चूक झाली, ती पोरांची. आयबापांनी येळेवर स्थळ बघितलं नाय, म्हणून घरातल्या घरात झालं. आता त्याचं रीतसर बाहेर लगीन लावा, चांगल्या घरचं आंबवण बघून. मग वाळीतनं काढतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा, मीही डोलावली. तू किण्वाचं लग्न लाव, म्हणजे माझं लागेल. तुला झुकायचं नसेल तर झुकू नकोस. नुसता भिंगावर वाक. तिथे तर तू रोज वाकतोस.

शकू


परळ, मुंबई
१८ फेब्रुवारी १९३६

शकू,

तुझं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं आणि भिंगापुढे जाऊन बसलो.

दोन वेगळ्या घरच्या किण्वांचं मीलन घडवणं हे माझ्या कामात पुढचं पाऊलच होतं. भावंडांपासून जी संतती झाली ती सगळी एकसारखी निघाली. कोण कुणावर गेलं हे कळायला मार्ग नाही. गोमाजीकाका जे म्हणतात ते शास्त्राला धरून आहे, हे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

आबांना सांग, लग्न लावतो. अटी कळवा.

महिपत


पळसाचा कोंड
३ मार्च १९३६

चिरंजीव महिपत यास कोंडाजीचा आशीर्वाद.

गावकीच्या अटी लिहून पाठवतो. मुहूर्त १० एप्रिलचा आहे. पाच पंच तुझ्या प्रयोगशाळेत येतील. आपल्या वाडीचा, गिरणीतला सदू त्यांना उतरवून घेईल. नवरदेव आपलं आंबवण. आपलं देवक कळंब, म्हणून कळंबाची डहाळी आम्ही आणू, ती भिंगाला बांधायची. नवरीचं घर चांगलं असावं आणि देवक वेगळं असावं. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतील. नवरीच्या बाजूने मामा कोण उभा राहणार, ते ठरवून ठेव.

तुझी आई विचारते, नवरीला हळद कशी लावणार? ती फार लहान आहे म्हणतोस.

कोंडाजी


परळ, मुंबई
१९ एप्रिल १९३६

शकू,

हे पत्र टपालाने पाठवलं तर सहाणेवर जाईल, म्हणून मडक्याखालच्या चुंबळीत शिवून सदूबरोबर देतो आहे. एकटी असताना वाच.

लग्न झालं. आबांनी सांगितलंच असेल, पण त्यांना अर्धंच ठाऊक आहे.

आबांबरोबर पाच पंच पागोटी बांधून प्रयोगशाळेत आले. मागे गिरणीतले चाळीस जण. आमचे मुख्य डॉक्टर फ्रामजी यांनी विचारलं, “हे कोण?” मी म्हटलं, “वऱ्हाड.” ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी खुर्च्या मागवल्या. गोमाजीकाकांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि नवरीचा मामा म्हणून उभं केलं. डॉक्टरांनी काखेत तलवार मागितली. त्यांनी कुठेतरी तसं पाहिलं होतं. आम्ही काचेची नळी दिली.

भिंगाला कळंबाची डहाळी. भिंगापुढे अंतरपाट. माझ्याशेजारी प्रयोगशाळेतला मुरारी बसला होता. काचेच्या सुया ओढण्यात आणि पेशी उचलण्यात त्याच्यासारखा हात या शहरात नाही, माझा तर नाहीच. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि मुरारीने एका थेंबात आपली पेशी आणि नवरीची पेशी शेजारी शेजारी ठेवली. एका वेळी एकालाच दिसत होतं, म्हणून रांग लागली. गोमाजीकाकांनी डोळा लावला आणि विचारलं, “काय हालत नाय?” मी म्हटलं, तीन तास लागतील. ते खाली बसले. “लागू दे. आमच्या येळी तीन वरसं लागली होती. लगीन होऊन पण तुळजा बोलतच नव्हती.”

तीन तासांनी दोन्ही पेशी एक झाल्या. चाळीस गिरणीवाल्यांनी अक्षता टाकल्या. अजून मला त्या यंत्रांत सापडतात.

आता जे आबांना ठाऊक नाही ते. गोमाजीकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “पोरगी कुणाची?” मी म्हटलं, “जावळीकडची. घाटावरच्या चांगल्या घरची.”

खोटं बोललो. नवरी मुरारीच्या आईच्या मडक्यातली आहे. तिचं नाव येसूबाई, राहणार महाड, महारवाडा. ज्या तळ्याचं पाणी प्यायले म्हणून या लोकांची डोकी फोडली, आणि ज्याचा खटला अजून कोर्टात चालू आहे, त्या तळ्याच्या गावची. मी तीस किण्वं तपासली. बेकऱ्यांतली, दारूच्या कारखान्यातली, घाटावरचीसुद्धा. येसूबाईंच्या आंबवणासारखं जोरकस एकही नव्हतं. आपल्या आईची आंबोळी फुगायला दुसरा दिवस उजाडतो, त्यांची दुपारपर्यंत तयार होते.

सगळे गेल्यावर मुरारी सुया पुसत म्हणाला, “सभेत तू जातीवर दोन तास बोलतोस. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. आज तुला एकच शब्द बोलायचा होता. माझ्या आईला जावळीची केलीस. तिला विचारलंस?” मग म्हणाला, “बहिणीचं लगीन लागायच्या आत खरं सांग. नाय सांगितलंस तर मी येऊन सहाणेवर उभा राहीन.”

शकू, मी खरं लिहिलं तर तुझं लग्न मोडेल. नाही लिहिलं तर मला पुन्हा कुठल्याही व्यासपीठावर चढता येणार नाही. अविवाहित राहशील असं तुला न विचारता लिहिलं होतं. या वेळी विचारतो.

या मडक्यात त्या दोघांचा वंश आहे.

महिपत


पळसाचा कोंड
३० एप्रिल १९३६

दादास,

चुंबळ उसवली. वाचलं. परत शिवली.

आधी इकडचं सांगते. सोमवारी गावजेवण झालं. आईने त्या मडक्यातलं पीठ ओतलं आणि आंबोळ्या अशा फुगल्या की तव्यावरचं झाकण उचललं गेलं. सगळी वाडी जेवली. बिरवाडीहून चांगूमामा आले होते, तेही जेवले. आपल्यावरचा बहिष्कार उठला. मग बायांनी आईला गराडा घातला. कधी घराबाहेर न जाणारं आंबवण, पण आता प्रत्येकीला चमचाभर पाहिजे होतं! चमचा चमचा करत ते एकवीस घरांत गेलं. गोमाजीकाका सगळ्यांना वाढा वाढा म्हणत फिरत होते. त्यांचा सोमवारचा उपास असतो.

आता घोटाळा. माझं लग्न १४ मेला ठरलं. गोमाजीकाका म्हणाले, “जावळीची विहीण आल्याबिगर मांडव शोभायचा नाय. पहिल्या अक्षता तिला. नाव, गाव लिहून द्या.” आबांनी मला दौत आणून दिली. दोन दिवस झाले, कागद कोरा आहे.

तू विचारलंस, म्हणून सांगते. खरं लिही. मला तो मुलगा पाहिजे, पण जावळीचा कोणी पाहुणा येईल आणि सगळं उघड होईल या भीतीत मी बिरवाडीला जन्म काढणार नाही. मुरारीदादा बरोबर बोलले. त्यांच्या आईला मी जावळीची म्हणून बोलावलं तर ती काय म्हणून येईल?

पत्र नेहमीसारखं टपालाने पाठव. चांगूमामा १० तारखेला याद्या करायला येणार आहेत, तेव्हाच वाचीन. आणि घाबरू नकोस. आंबोळ्या मी वाढल्या होत्या. कोणी किती खाल्ल्या मला ठाऊक आहे.

शकू


परळ, मुंबई
५ मे १९३६

पळसाच्या कोंडातल्या सर्व मंडळींस,

या वेळी भाषण करत नाही.

मी खोटं बोललो. नवरी जावळीची नव्हे. ती महाडच्या महारवाड्यातल्या येसूबाईंच्या मडक्यातली आहे. ते लग्न येसूबाईंचा मुलगा मुरारी याच्या हाताने लागलं. तुमच्या एकवीस घरांत आज जे आंबवण फुगतं आहे ते येसूबाईंच्या लेकीचं आहे. खोटं सांगण्याचा गुन्हा माझा. आबांचा, आईचा, शकूचा नाही. मुरारीचा तर नाहीच.

एक गोष्ट शास्त्राची सांगतो. त्या जोडप्याच्या संततीतला एक कोष मी फोडला. चार नातवंडं निघाली. दोघांचं पीठ आमच्या आईच्या जुन्या मडक्यासारखं सावकाश फुगतं, दोघांचं येसूबाईंच्या मडक्यासारखं झपाट्याने. पण भिंगाखाली चौघं अगदी सारखी दिसतात. मी आठ दिवस डोळे फोडून पाहतो आहे. फरक दिसत नाही. तुमच्यापैकी कोणाला दिसत असेल तर त्याने मुंबईला यावं. खुर्ची देतो.

विहिणीचं नाव विचारलंत. येसूबाई, महाड. अक्षता पाठवायच्या की नाही ते तुम्ही ठरवा.

महिपत


बिरवाडी
२० मे १९३६

दादास शकूचा नमस्कार.

वर गाव कोणतं लिहिलंय ते बघ, आणि मग निवांत वाच.

१० तारखेला चांगूमामा सहाणेवर बसलेले असताना तुझं पत्र वाचलं. एक ओळ गाळली नाही. मग गोमाजीकाका उठले. “ज्यानं ज्यानं ते खाल्लं, तो वाळीत!” आणि विचारलं, “कुणी कुणी खाल्लं? हात वर करा.”

आबांनी हात वर केला. आईने केला. मग एकेक करत सगळ्या वाडीने. तुळजाकाकूंनीही केला. गोमाजीकाका त्यांच्याकडे बघतच राहिले. शेवटी चांगूमामांनी हात वर केला. “मी सात खाल्ल्या. आता परत कशा देऊ?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, आपण दोघं वाळीतच हाव. मंजे सोयरीक जुळली. यादी लिहा.”

तेव्हा गोमाजीकाकांच्या ध्यानात आलं की वाळीत नसलेला माणूस वाडीत एकच उरलाय. वाळीत असलेल्याशी बोलायचं नाही, त्याचा विस्तव घ्यायचा नाही, हा नियम त्यांचाच. वाडीने तो कडक पाळला. ते दिसले की लोक आदराने बाजूला होत. तुळजाकाकू स्वतःपुरतं रांधून परसात जेवू लागल्या. म्हणाल्या, “ह्यांना माझा विटाळ नको.” काकांनी गावकी बोलावली. ती भरायला पाच जण लागतात. ते एकटेच संध्याकाळपर्यंत सहाणेवर बसले आणि बैठक तहकूब करून घरी गेले. चार दिवस त्यांनी नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून खाल्लं.

आई स्वतः महाडला जाऊन येसूबाईंना कुंकू-अक्षता देऊन आली. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “कोण म्हणून बोलावता?” आई म्हणाली, “विहीण म्हणून.” त्या म्हणाल्या, “मग पहिल्या पंगतीला बसंन. मागच्या दारी नाय.” आई म्हणाली, “पीठ तुमचं, पंगत तुमची.”

त्या मुरारीदादांबरोबर आल्या, पहिल्या पंगतीत बसल्या, आंबोळीचा तुकडा मोडला आणि आईला म्हणाल्या, “पीठ बरं चढलंय. मीठ कमी घातलंत.” आई तेव्हापासून मीठ जास्त घालते.

आता मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. गोमाजीकाका मांडवाच्या कडेला वाडगा घेऊन उभे होते. त्यांच्याशी बोलायची कुणाला सोय नव्हती. येसूबाईंना मात्र आमच्या वाडीचा कसलाच नियम लागू नव्हता. त्या उठून त्यांच्यापाशी गेल्या.

“काय वो, उपास हाय?”

“नाय.”

“मग बसा की.”

“मी खाल्लं तर मी पण वाळीत,” काका म्हणाले.

“आणि नाय खाल्लं तर?”

काका बसले. येसूबाईंनी वाढलं. काकांनी अकरा खाल्ल्या, चांगूमामांपेक्षा चार जास्त. मग त्यांना ठसका लागला. येसूबाई लोटा घेऊन आल्या. काकांनी मान खाली घातली आणि पाणी वरून ओतून घ्यायला ओंजळ पुढे केली. महाडात येसूबाईंनी जन्मभर आपल्या लोकांपुढे केली तशीच.

येसूबाईंनी लोटा कलता केला नाही. मुरारीदादा उठून उभे राहिले.

“ओंजळ नको,” येसूबाई म्हणाल्या. “लोटा हातात धरा. माणूस हाव तुम्ही.”

शकू